काचेच्या कापडाचा पंख: सातारा-सांगलीच्या हवेत घरगुती विमानाचे फायबरकाम

ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर किंवा ढालगावच्या माळावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती आणि घरी बांधलेल्या विमानाचा फायबरचा पंख ही एकाच घराण्यातली भावंडे. काचेचे कापड, रेझिन आणि दोन कातड्यांमध्ये हलका गाभा, एवढाच दोघांचा संसार. फरक इतकाच की पाते साच्यात होते, आणि घरगुती पंखाला साचा लागत नाही. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावरच काचेचे थर चढवायचे आणि फोम आतच ठेवायचा. अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये उडवलेल्या व्हेरीईझी या छोट्या विमानामुळे ही पद्धत घराघरांत गेली. त्यांचेच दोन आसनी लाँग-ईझी १९७९ मध्ये उडाले.

विमानाचे आरेखन स्वतः करायचे नाही, हे आधीच ठरवा. अनेकांनी बांधून अनेक वर्षे उडवलेल्या विमानाचा नकाशा, म्हणजे बांधणीचा आराखडा, मिळवा आणि त्यातला थरांचा क्रम, दिशा, फोमची घनता जशीच्या तशी पाळा. इथे सांगितलेला भाग म्हणजे त्या नकाशाबाहेरचे ज्ञान: आपल्या हवेत, आपल्या बाजारात मिळणाऱ्या मालात हे काम कसे बसवायचे. सगळा भर पंखावर आहे. पंख नीट जमला की शेपटी, कॅनार्ड (नाकाजवळचा छोटा पंख), दरवाजे ही त्याच हातांची छोटी कामे.

टाकीवाल्याचे फायबर नको

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत टाक्या, डक्ट, बंपर करणारे कसबी कारागीर भेटतात. त्यांचा हात चांगला असतो, पण माल वेगळा. ते पॉलिस्टर रेझिन आणि चुरा-मॅट वापरतात. पॉलिस्टरमधले स्टायरिन पॉलिस्टायरिनचा फोम अक्षरशः खाऊन टाकते. गाभ्यावर ओतले तर काही मिनिटांत खड्डा. चुरा-मॅटमध्ये काचेचे तुकडे आडवेतिडवे पडलेले असतात आणि ती रेझिन इतके पिते की वजनात काच तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच राहते. शिवाय बहुतेक मॅटमधला चिकटा स्टायरिनमध्ये विरघळावा अशा बेताचा असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, म्हणून मॅट कडकच राहते आणि वळणावर बसत नाही.

विमानाला विणलेले ई-ग्लास कापड आणि इपॉक्सी लागते. कापडाचे दोन प्रकार. ज्यात जवळपास सगळे धागे एकाच दिशेने धावतात ते युनी, साधारण २४० ग्रॅम प्रति चौरस मीटर. उभे-आडवे सारखे विणलेले ते बिड, साधारण ३०० ग्रॅम. युनी ओढ-दाब सोसते, म्हणून पंखाच्या लांबीने जाते. बिड ४५ अंशांत तिरके लावले की पिळ सोसते. ताकद कापडात आहे. रेझिन फक्त धागे जागेवर धरून ठेवते. काचेची ताठरता सुमारे ७२ गिगापास्कल, इपॉक्सीची ३ च्या आसपास. म्हणजे जास्तीचे रेझिन हे फुकटचे वजन, आणि विमानात फुकटचे वजन कधीच फुकट पडत नाही.

कापड घेताना त्यावरची प्रक्रिया इपॉक्सीसाठीची आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळणारे स्वस्त काचेचे कापड मागावरची खळ तशीच असलेले असू शकते. दिसायला सारखेच, पण रेझिन लावल्यावर पारदर्शक होण्याऐवजी दुधाळ राहते आणि थर सुटतात. वीतभर तुकडा भिजवून, वाळवून, कोपऱ्यातून सोलून बघितला की लगेच कळते.

इपॉक्सीत आपल्याकडे सहज मिळणारी, विमानकामाला साजेशी जोडी म्हणजे आराल्डाइट एलवाय ५०५२ आणि अराडूर ५०५२. प्रमाण वजनाने १०० ला ३८. जर्मन एल २८५ मिळाले तर १०० ला ४०. एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ ही कॉलेजच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारी जोडी खोलीच्या तापमानाला ठिसूळ आणि उष्णतेला हळवी राहते. सरावाला चालेल, पंखाला नको. कोणत्याही जोडीत हार्डनर 'थोडा जास्त घातला की लवकर वाळते' हा टाकीवाल्यांचा हिशेब इथे लागू नाही. पॉलिस्टरमध्ये उत्प्रेरक असतो, इपॉक्सीत हार्डनर हा स्वतःच पदार्थाचा भाग आहे. जास्त पडला तरी नरम, कमी पडला तरी नरम.

जागा, ऋतू आणि पत्र्याचे शेड

इपॉक्सीला २२ ते २८ अंश तापमान आणि ६० टक्क्यांच्या खाली दमटपणा हवा. हे दोन आकडे सातारा-सांगलीच्या दिनदर्शिकेवर ठेवून बघा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला जून ते सप्टेंबर दमटपणा दिवसचे दिवस ९० च्या वर असतो. तिथे पावसाळ्यात थर चढवण्याचा विचारही करू नका. दहिवडी, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात पावसाळ्यातही कोरडे दिवस मिळतात, त्या दृष्टीने विमान बांधायला माणदेश चांगला. एरवी दुष्काळाबद्दल चांगले बोलण्याची संधी क्वचितच मिळते.

दमट हवेत बिघडते ते असे: हार्डनरमधला अमाइन हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर मेणचट, चिकट पापुद्रा येतो. त्यावर पुढचा थर चढवला तर तो पापुद्र्याला चिकटतो, खालच्या काचेला नाही. हा पापुद्रा पॉलिश पेपरने घासला की आत चोळला जातो आणि थिनरने पुसला की पसरतो. आधी कोमट पाणी आणि खरबरीत नायलॉन घासणी, मग कोरडे करणे, मग घासणे, हाच क्रम.

सर्वात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण त्यात आपल्या भागापुरत्या दोन अडचणी आहेत. पहिली, याच महिन्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी पाच-सात किलोमीटरवरूनही खिडकीतून आत येऊन ओल्या थरावर बसते. थर चढवायच्या दिवशी खिडक्यांना ओले कापड नको, दमटपणा वाढतो. कोरडी मलमल दुहेरी लावा. दुसरी, रात्री पारा १२-१४ पर्यंत उतरतो आणि अर्धवट पिकलेले रेझिन तिथेच थिजते. म्हणून काम सकाळी अकराला सुरू करून तीनच्या आत संपवा आणि रात्री पंखावर प्लॅस्टिक व घोंगड्यांचा तंबू करून आत १०० वॉटचे जुने पिवळे दिवे लावा, तापमान ३० च्या जवळ धरा. दिवा कापडापासून किमान दीड फूट लांब हवा. वीज गेली तर हे सगळे थंडावते, त्यामुळे इन्व्हर्टरची सोय आधी.

मार्च ते मे हवा कोरडी मिळते, पण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४० च्या वर जाते. तापमान १० अंशांनी वाढले की रेझिनची हाताळायची मुदत जवळजवळ निम्मी होते. उन्हाळ्यात पहाटे पाच ते नऊ एवढेच काम, तेही मंद हार्डनरने. पण पहाटेनंतर हवा तापत जाते, फोमच्या खळग्यांतली हवा फुगते आणि ओल्या थराखाली फोड येतात. आदल्या संध्याकाळीच फोमवर स्लरी (रेझिन आणि काचेच्या सूक्ष्म फुग्यांचे पातळ मिश्रण) भरून ठेवली, तर हे टळते. मात्र ती पूर्ण वाळल्यावर घासूनच पुढचा थर.

दमटपणा मोजायचे डिजिटल घड्याळ २०० रुपयांतही मिळते आणि हमखास खोटे बोलते. ते डबीभर ओलसर मिठाबरोबर हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. मीठ विरघळून पाणी होऊ देऊ नका, ओल्या वाळूसारखे असावे. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर पुढे प्रत्येक वाचनातून ६ वजा करा.

जागा भाड्याने घेताना आधी तिथे काय होते ते विचारा. तासगावकडचे बेदाण्याचे शेड मोठे, हवेशीर आणि स्वस्त दिसते, पण द्राक्षे डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून वाळवलेली असतात. ते तेल जमिनीत, बांबूत, जाळीत मुरलेले असते. तेलाच्या बोटाने शिवलेल्या जागी इपॉक्सी धरत नाही. हळदीच्या गोदामाचेही तेच, धूळ वर्षभर उतरत राहते. आणि सांगलीत नदीकाठी असाल तर कापड, फोम, रेझिन वरच्या मजल्यावर. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. भिजलेले काचेचे कापड वाळवले तरी त्यावरची प्रक्रिया शाबूत असेल याची खात्री देता येत नाही.

पहिला तुकडा: २५ बाय ४० सेंटीमीटर

पंखाला हात लावण्याआधी हा सराव. बिड कापडाचे २५ बाय ४० सेंटीमीटरचे सहा तुकडे कापा. एका तुकड्याचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर, म्हणजे सहाचे वजन १८० ग्रॅम. मेणपॉलिश केलेल्या सनमायकावर एकावर एक चढवा, वाळू द्या, कडा छाटून वजन करा.

सगळी विद्या या वजनात आहे. रेझिन ४० टक्के असेल तर तुकडा ३०० ग्रॅम भरतो. ५० टक्के असेल तर ३६०. आपल्याला २८५ ते ३२५ हवे. ३५० च्या वर गेला तर हात जड आहे, पुन्हा करा. २७० च्या खाली गेला आणि आत पांढऱ्या रेघा दिसल्या तर कापड उपाशी राहिले आहे. जाडी सुमारे पावणेदोन मिलिमीटर यायला हवी. तीन तुकडे सलग बसेपर्यंत पंख नाही.

एवढा आग्रह का, तर पंखाच्या दोन्ही बाजू मिळून १५ चौरस मीटर आणि त्यावर ३०० ग्रॅमचे तीन थर धरा. काच साडेतेरा किलो. ४० टक्क्यांनी रेझिन ९ किलो लागते, ५५ टक्क्यांनी साडेसोळा. साडेसात किलो वजन कसलीही ताकद न वाढवता पंखात बसले, आणि हे फक्त पंखाचे.

काटा ०.१ ग्रॅमचा घ्या. विटा-खानापूरकडे गलाईवाल्यांच्या (सोने-चांदी गाळणाऱ्यांच्या) घरात असतो तसा सराफी काटा यासाठी उत्तम; किराणा काटा नको. पसरट प्लॅस्टिकच्या डब्यात एका वेळी १५० ते २०० ग्रॅमच कालवा. उंच ग्लासात ३०० ग्रॅम ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने ते धुरायला लागते. असे झाले तर डबा उचलून बाहेर मातीवर ठेवा, वास घेत उभे राहू नका. आधी रेझिन तोला, मग हार्डनर. सपाट काडीने दोन मिनिटे, तळ आणि कडा खरवडत ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून आणखी एक मिनिट. डब्याच्या कडेला न मिसळलेले रेझिन चिकटून राहते आणि तेच पंखावर कधीही न वाळणारा डाग होऊन बसते. पंखावरचे नरम ठिपके बहुतेक वेळा इथून येतात.

हातमोजे नायट्राइलचे, दर अर्ध्या तासाने बदला. त्वचेवर पडलेले थिनरने पुसू नका, ते रेझिनला आत ढकलते, साबण-पाणी. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की जन्मभराची, मग निम्मे विमान शेडमध्ये आणि तुम्ही बाहेर. घासताना एफएफपी-२ मास्क, रुमाल नव्हे.

गाभा आणि तापलेली तार

पंखाला निळा किंवा गुलाबी एक्सपीएस (पॉलिस्टायरिनचा घट्ट, सलग) फोम, घनता सुमारे ३२ किलो प्रति घनमीटर. घर थंड ठेवण्यासाठी छतावर घालायला हाच मिळतो. १२५० बाय ६०० बाय ५० मिलिमीटरची शीट १.२ किलो भरली पाहिजे. ९०० ग्रॅम भरली तर परत पाठवा. पांढरा दाणेदार थर्माकोल नको, दाण्यांमधून पाणी फिरते आणि घासताना दाणे निघतात. शीटवरचा गुळगुळीत पापुद्रा काढूनच पुढचे काम.

जाड ठोकळ्यासाठी शीट जोडताना सांध्यात इपॉक्सी लावू नका. तापलेली तार वाळलेल्या इपॉक्सीवर अडते आणि पंखावर पायरी उठते. फोमला चालणारा स्प्रे गोंद लावा, तोही कापाच्या रेषेपासून २० मिलिमीटर आत. पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी फोम तर तारेने कधीच कापू नका: पहिल्यातून सायनाइडचा वायू निघतो, दुसऱ्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा. तो सुरीने आणि पॉलिश पेपरने.

तार ०.८ मिलिमीटर स्टेनलेस, लांबी १.२ मीटर, धनुष्यात इतकी ताणलेली की छेडली तर सूर निघावा. तापल्यावर ती लांबते, म्हणून ताण स्प्रिंगने द्या. या तारेला ५ अँपिअरसाठी ८-९ व्होल्ट पुरतात. २४ व्होल्टचा, ६ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला डिमरस्टॅट (व्होल्ट कमी-जास्त करायचे उपकरण), अशी जोडणी करा. पंख्याचा रेग्युलेटर थेट तारेला जोडण्याची युक्ती कुणीतरी सांगेलच. ती जीवघेणी आहे. उघडी तार आणि २३० व्होल्ट यांच्यात ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे.

पंखाच्या छेदाचे साचपट्टे जाड सनमायका किंवा ६ मिलिमीटर प्लायचे करा, कडा मेणबत्तीने घासा. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर पुढून मागे समान टक्केवारीवर आकडे लिहा. मुळाचा पट्टा मोठा, टोकाचा लहान, त्यामुळे दोघांनी एकाच वेगाने ओढले तर आकार बिघडतो. दोघांनी एकाच आकड्यावर असायला हवे. एकजण मोठ्याने म्हणत राहतो, 'बारा... तेरा... चौदा', आणि दुसरा फक्त पोहोचतो. वेग साधारण २५ मिलिमीटरला ४ ते ६ सेकंद. पुढच्या कडेच्या वळणावर आणखी सावकाश, कारण तार मधोमध मागे राहून पोट धरते आणि पंखाचे नाक मध्ये बसके होते.

तापमान ठीक असेल तर तारेमागे म्हातारीच्या कापसासारखे बारीक तंतू राहतात. तंतू नसले आणि फट रुंद झाली तर तार जास्त तापली. ढकलावी लागली आणि पृष्ठभागावर पन्हाळी उठल्या तर कमी तापली. वीज मध्येच गेली तर तार ओढून काढू नका. जिथे आहे तिथेच ठेवा, वीज आली की आधी विजेचा प्रवाह शून्यावर नेऊन हळूहळू वाढवा.

मग येते पातळी. दोन्ही साचपट्ट्यांवरची आडवी रेषा एका पातळीत नसली तर पंखाला पीळ पडतो. एक मीटर रुंदीच्या पंखाला अर्ध्या अंशाचा पीळ म्हणजे मागच्या कडेला पावणेनऊ मिलिमीटर. डोळ्यांना तो दिसणार नाही, पण विमान कायम एका अंगावर पडेल. इथे महागडे यंत्र नको: गवंड्याची पाण्याची नळी, आत रंगीत पाणी, बुडबुडा नाही याची खात्री, आणि १ मिलिमीटरच्या आत जुळवणी. एकदा थर वाळला की पीळ त्यात कायमचा कोंडला गेला, नंतर काहीही करता येत नाही. म्हणून जिग, म्हणजे पंख जागेवर धरणारा सांगाडा, जमिनीला बोल्ट करा आणि थर चढवायच्या सकाळी पुन्हा मोजा.

कातडे चढवण्याचा दिवस

तीन माणसे लागतात: दोन पंखावर, एक फक्त कालवायला आणि वहीत लिहायला. तिसऱ्याला पंखाला शिवू देऊ नका.

सगळे कापड आदल्या दिवशी कापून, क्रमाने पीव्हीसी पाइपवर गुंडाळून ठेवा. युनी उचलताना ताणले जाते आणि धागे नागमोडी होतात. नागमोडी धागा दाब आला की तिथेच वाकतो, म्हणून गुंडाळल्याशिवाय हलवू नका. तेलकट हाताने शिवायचे नाही, केस विंचरलेल्या हाताने तर नाहीच.

फोमवरची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग काचेचे सूक्ष्म फुगे, ज्यांना मायक्रो म्हणतात, आणि रेझिन आकारमानाने सारखे घेऊन दुधासारखी स्लरी करा आणि रबरी पट्टीने फोमच्या खळग्यांत भरा, पृष्ठभागावर साठू नये. यामुळे फोम नुसते रेझिन पीत नाही. मोठ्या खड्ड्यांना दोन-चार पट मायक्रो घालून घट्ट गोळा, तो थापण्याआधी खड्ड्यात साधी स्लरी. मायक्रो फक्त फोम आणि काच यांच्यामध्ये. काच आणि काच यांच्यामध्ये कधीच नाही. काचेच्या सांध्याला भर लागली तर कापसाचा भुगा घातलेले रेझिन, त्याला फ्लॉक्स म्हणतात, साधारण दोनास एक.

पहिले कापड उलगडा, मधून कडेकडे हाताने सपाट करा, मग रेझिन मधोमध ओता. लगेच घासायला लागू नका. तीन-चार मिनिटे थांबा, ते धाग्यांत मुरू द्या. मग रबरी पट्टी धाग्यांच्या दिशेने, मधून बाहेर. पट्टीपुढे रेझिनची लाट जाते ती पुढच्या कोरड्या भागाला न्यायची, डब्यात परत घालायची नाही. वळणावर आखूड केसांचा ब्रश उभा टोचत चालवा. रंगासारखा ओढला तर कापड सरकते. थंडीत रेझिन मधासारखे झाले तर हेअर ड्रायर एक फुटावरून फिरवा, पण एका जागी धरू नका, फोम ७५ अंशांच्या आसपास बसतो.

योग्य भिजलेले कापड गडद, पारदर्शक दिसते आणि विणकाम स्पष्ट उठून दिसते. पृष्ठभाग आरशासारखा चमकला तर रेझिन जास्त, पट्टी पुन्हा फिरवा. पांढरे दिसले तर हवा. प्रत्येक थरानंतर टॉर्च तिरका धरून बघा. खालच्या थराची चूक वरून कधीच दुरुस्त होत नाही. पंखाच्या लांबीने जाणाऱ्या स्पार कॅपच्या पट्ट्या बसवताना तर धागा सरळ आहे की नाही हे दोरी ताणून पाहा. विमानाचे वजन शेवटी त्याच पट्ट्यांवर लटकते.

शेवटी जिथे पुढे काही चिकटवायचे आहे तिथे पील-प्लाय, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचे कापड. परदेशी मालाऐवजी इचलकरंजीचे साधे पॉलिस्टर अस्तर चालते, अट एवढीच की ते रंगवलेले, कांजी केलेले किंवा पाणी न धरणारे नसावे. साबणाविना दोनदा गरम पाण्यात धुऊन, वाळवून, सरावाच्या तुकड्यावर सोलून बघा: निघाले पाहिजे आणि खाली खरखरीत, मॅट पृष्ठभाग राहिला पाहिजे.

चार-सहा तासांनी थर चामड्यासारखा होतो, ना ओला ना कडक. त्या वेळी धारदार ब्लेडने कडा छाटा. पनिरासारखे सुटते. सकाळपर्यंत थांबलात तर ग्राइंडर, धूळ आणि खाज. म्हणून अकराला सुरुवात, म्हणजे ही वेळ झोपेच्या आत येते.

याच कालवणातून त्याच दिवशी १०-१० सेंटीमीटरचा साक्षी-तुकडा करा, त्यावर तारीख आणि थराचा क्रमांक. त्यातला छोटा भाग वजन करून मफल भट्टीत ५६५ अंशांवर जाळला की रेझिन उडते आणि काच उरते; प्रमाण ग्रॅममध्ये हातात. सांगलीत, इस्लामपुरात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मटेरियल प्रयोगशाळेत ही भट्टी असते.

वाळल्यावर

आठवडाभर भार नाही. नंतर तंबूत ५० अंशांवर १५ तास शेका, तास-तासाला थोडे चढवत आणि तसेच उतरवत. नुसते खोलीत वाळलेले इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. शेकल्यावर ही मर्यादा बरीच वर जाते. पंख शेकताना जिगमध्येच हवा. आणि रंग पांढराच. कराडच्या धावपट्टीवर मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ८० च्या पुढे जाऊ शकतो, तिथे लाल-निळ्या पट्ट्यांची हौस परवडत नाही.

रुपयाचे नाणे घेऊन पूर्ण पंख टकटक वाजवत फिरा. टणक आवाज म्हणजे चिकटले, भदभद आवाज म्हणजे पोकळी. नाण्याएवढी पोकळी असेल तर दोन बारीक भोके, एकातून सिरिंजने रेझिन, दुसऱ्यातून हवा. त्याहून मोठी असेल तर नकाशातल्या दुरुस्तीच्या नियमाप्रमाणे कापून, कडा उतरत्या घासून, थर पुन्हा. चमकणाऱ्या पृष्ठभागावर काहीही चिकटवू नका. ८० नंबरने घासून चमक पूर्ण गेली पाहिजे, धागे मात्र कापले जाऊ नयेत.

बिजागऱ्या आणि बोल्टच्या जागी फोम काढून फ्लॉक्स किंवा प्लायचा ठोकळा बसवा, नाहीतर बोल्ट आवळताच पंख चेपतो. धातूचे तुकडे २०२४-टी३ अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, दाखल्यासह. आपल्या पट्ट्यात फाउंड्री गल्लोगल्ली आहेत आणि कुणीतरी प्रेमाने ओतीव ब्रॅकेट करून देईल. ते पंपाला उत्तम, विमानाला नको. ओतिवात आतली पोकळी बाहेरून दिसत नाही. कार्बन कापड वापरले असेल तर अॅल्युमिनियमच्या आणि त्याच्या मध्ये काचेचा एक थर हवाच, नाहीतर दमटपणात अॅल्युमिनियम कुजते.

इंधनाच्या टाकीत एक्सपीएस अजिबात नको, पेट्रोलने विरघळते. पंपावरचे आजचे पेट्रोल ई-२० आहे आणि इथेनॉल अनेक इपॉक्सी नरम करते. साक्षी-तुकडे त्याच पेट्रोलमध्ये काचेच्या बाटलीत तीन महिने ठेवा. दर पंधरवड्याला वजन करा आणि नखाने दाबून बघा. वजन वाढत राहिले किंवा नख रुतले तर ते रेझिन टाकीला चालणार नाही.

भार

भारचाचणीत पंख उलटा बसवतात, म्हणजे पोत्यांचे वजन उचल-बलासारखे लागते. समजण्यासाठी ६०० किलोचे विमान आणि उड्डाणात वजनाच्या ३.८ पट भाराची मर्यादा धरा: २२८० किलो, एका पंखावर ११४०. त्यातून पंखाचे स्वतःचे ४० किलो ३.८ पटीने, म्हणजे १५२ वजा होतात, कारण हवेत ते वजन उचलीच्या विरुद्ध असते. उलटा पंख स्वतःचे ४० किलो इथे घालतोच. उरले ९४८ किलो, म्हणजे साखरेची ५० किलोची १९ पोती. वाळूपेक्षा साखरेचे पोते बरे, वजन छापलेले आणि खरे. मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी, रुंदीत पुढच्या चतुर्थांशाजवळ. टोकाचे वाकणे प्रत्येक दोन पोत्यांनंतर मोजून लिहा. भार काढल्यावर टोक मूळ जागी आलेच पाहिजे. खाली लाकडी घोड्या बोटभर अंतरावर उभ्या ठेवा. याच्या दीडपट भार फक्त चाचणीसाठी केलेल्या वेगळ्या पंखावर लावतात, आणि तो पंख पुन्हा विमानाला जोडत नाहीत.

वही आणि परवानगी

विमान उडवायचे असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी, फोम आणण्याआधीच बोला. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली. ते धातूचे होते. धातूच्या विमानात रिव्हेट नंतरही तपासता येते, फायबरमध्ये खालचा थर कायमचा झाकला जातो. म्हणून झाकण्याआधीचा फोटो आणि वहीतली ओळ हाच पुरावा.

प्रत्येक थराची एक ओळ: तारीख, सुरुवात-शेवट, तापमान, दमटपणा, रेझिन व हार्डनरचा बॅच क्रमांक, किती ग्रॅम कालवले, किती उरले, कापडाचा रोल, दिशा, कोणी तपासले, साक्षी-तुकड्याचा क्रमांक. पानांना आधीच अनुक्रमांक घाला, पान फाडू नका, चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी सही. कालवलेल्यातून उरलेले वजा करून कापडाच्या वजनाशी ताडले की रेझिनचा टक्का त्याच संध्याकाळी कळतो. ४५ च्या वर गेला असेल तर कडा छाटण्याआधी, थर चामड्यासारखा असतानाच, तो सोलून काढायचा की ठेवायचा हे ठरवता येते.